खोपोलीला उतरा, पालखी धरा

साल १८६१. जानेवारी महिना आहे आणि तुम्हाला मुंबईहून पुण्याला जायचंय.

बोरीबंदरला तुम्ही आगगाडीत बसता. आता तिला बघायला गर्दी लोटत नाही. इथून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ला. १४ डबे, तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी असा तो थाट होता. आठ वर्षांत लोकांना शिट्टीची सवय झालीय. खिडकीतून उडालेली कोळशाची कणी तुमच्या डोळ्यात जाते. तुम्ही उपरण्याच्या टोकानं ती काढता. ठाण्याची खाडी ओलांडली, कल्याण गेलं, नेरळला उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसू लागला. मग सह्याद्री थेट समोर आडवा येतो आणि गाडी खोपोलीला थांबते. रूळ इथं संपतात.

वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत जून १८५८पासून गाडी धावतेय. राहिलाय तो मधला घाट.

स्टेशनाबाहेर पडताच भोई, तट्टूवाले आणि गाडीवान तुम्हाला घेरतात. घासाघीस करून तुम्ही पालखी ठरवता. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव मागे पडतो आणि चढ सुरू होतो. पालखीत पाय पुरते पसरता येत नाहीत. भोई खांदा बदलतात तेव्हा अंग एका बाजूला कलतं. पुढचा भोई खड्डा आला, दगड आला, असं ओरडून सांगतो आणि मागचे त्या हाकेवर पाऊल टाकतात.

हा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी घाटातून माल चढायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. ते बैल अजूनही हटलेले नाहीत. वळणावर एक तांडा समोर येतो, गोण्यांनी सगळा रस्ता व्यापतो आणि तुमचे भोई पालखी कड्याला चिकटवून उभे राहतात.

तेवढ्यात डोंगर हादरतो. सुरुंग उडालाय. धूळ खाली बसते तसा समोरचा कडा दिसू लागतो, आणि त्यावर माणसंच माणसं. पाय ठेवायला जागा नाही तिथं कामकरी कमरेला दोर बांधून लोंबकळताहेत. पहारीनं आणि हातोड्यानं काळ्या दगडात भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि दूर पळायचं. खाली बाया डोक्यावर पाट्या घेऊन दगडमाती वाहताहेत. या महिन्यात घाटात ४२,००० माणसं राबताहेत. एवढी इथं याआधी नव्हती आणि पुढेही नसतील.

पाच वर्षं हे काम चाललंय. पावसाळ्यात ते जवळजवळ थांबतं, आणि पटकी आली की छावण्याच्या छावण्या ओस पडतात. १८५९च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून इथं दंगल उसळली होती. पहिल्या ठेकेदारानं त्याच वर्षी काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परत गेली नाही. तिनं ठेका स्वतःकडे घेतला, जाणते इंजिनिअर नेमले, आणि तुम्ही आज बघताय ते काम तिच्याच ठेक्यातलं आहे.

खंडाळ्याला तुम्ही उतरता, पाय मोकळे करता आणि पुण्याच्या गाडीत बसता. एकाच प्रवासात तुम्हाला वाफेचं इंजिन, माणसाचा खांदा आणि बैलाची पाठ तिन्ही भेटली.

आता दोन वर्षं पुढे चला. एप्रिल १८६३मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर घाटमार्गाचं उद्घाटन करतात. सुमारे २५ किलोमीटरांत गाडी १,८३१ फूट चढते. २५ बोगदे लागतात. सर्वांत अवघड जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. मध्येच ती कड्याच्या टोकाला येऊन थांबते. वळायला जागाच नाही. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडतात, मघाचा शेवटचा डबा पहिला होतो आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ घेते. ही अदलाबदल १९२९पर्यंत चालली. हा मार्ग उभारणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली मात्र तो पुरा झालेला बघायला उरला नाही. तो १८६२मध्येच वारला.

वाहनांचा इतिहास आपण इंजिनांच्या नावांनी सांगतो. पण इंजिन विलायतेत तयार झालं आणि जहाजानं आलं. ते खोपोलीला येऊन अडलं होतं. त्याला खंडाळ्यापर्यंत नेलं ते पहार मारणाऱ्या आणि पाटी उचलणाऱ्या हातांनी. बर्कलीचं नाव आपल्याला सापडतं, ट्रेडवेलबाईंचंही सापडतं. त्या हजारोंची नावं इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी कर्जत सोडून गाडी पहिल्या बोगद्यात शिरली की शेजारी बसलेल्या मुलांना सांगा: हा डोंगर माणसांनी हातानं फोडलाय.