टोमणेखोर बार्डची कुळकथा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात एक पात्र आज फार आवडीचे झाले आहे: कमरेला तलवार, पाठीवर वाद्य आणि जिभेवर शत्रूचा पाणउतारा घेऊन शहराच्या गल्लीबोळांत वावरणारा बार्ड, म्हणजे पाश्चात्त्य शाहीर. तो टोमणा मारतो आणि नियमानुसार शत्रू त्या टोमण्यानेच घायाळ होतो. हा अलीकडचा थिल्लरपणा आहे, असे कुणालाही वाटेल. पण कूळ शोधत गेले की उलटेच दिसते. बार्डचे सर्वांत जुने शस्त्र हेच आहे. खेळाच्या हाती ते उशिरा लागले, इतकेच.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली खेळ काढला तेव्हा त्यात बार्ड नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात डग श्वेगमन यांनी स्काल्ड म्हणजे नॉर्स कवी, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातला गायक यांची मोट बांधून तो घडवला. त्याच्या गाण्यात मोहिनी होती, डोक्यात दंतकथांचा साठा होता. टोमण्याचा घाव मात्र नव्हता. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात तो परिशिष्टात आला आणि त्याची वाट खडतर झाली: आधी योद्धा म्हणून किमान पाचवी पातळी गाठायची, मग चोराची विद्या शिकायची आणि शेवटी ड्रुइडांकडे, म्हणजे केल्टिक पुरोहितांकडे, शिष्य व्हायचे. या वाटेवर तलवारबाजी आणि कुलुपे उघडण्याचे, खिसे कापण्याचे शहरी कसब त्याला पुरते शिकावे लागे. अपमानाला स्वतंत्र शक्तीचे रूप मिळाले ते २००९ साली, चौथ्या आवृत्तीच्या ‘प्लेयर्स हँडबुक २’मधल्या ‘व्हिशस मॉकरी’ने.

श्वेगमन यांनी ज्या केल्टिक संस्कृतीचा आधार घेतला, तिथे मात्र निंदा हा कवीचा हक्कच होता. आयरिश पुराणकथेत कवी केअर्ब्रे हा राजा ब्रेसच्या दारी जातो. त्याला अंधाऱ्या खोपटात ठेवतात. तिथे ना शेकोटी, ना अंथरूण, आणि ताटलीत तीन लहानशा कोरड्या भाकऱ्या. सकाळी तो राजावर निंदाकाव्य म्हणतो आणि ब्रेसची उतरती कळा लागते. ही गोष्ट नुसती कल्पना म्हणून सोडून देता येत नाही, कारण निंदेचा घाव कायदाही खरा मानत होता. जुन्या आयरिश कायद्यात माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत ठरलेली असे आणि विनाकारण निंदा करणाऱ्याला ती भरून द्यावी लागे. स्काल्डांच्या आइसलंडमध्येही ‘ग्रागास’ कायद्यात निंदाकाव्यासाठी समाजाबाहेर टाकण्यापर्यंतची शिक्षा होती. १४१४ साली इंग्रज राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी जॉन स्टॅनली याने नील ओ’हिगिन या कवीला लुटले. कवीच्या कुळाने त्याच्यावर निंदाकाव्ये रचली आणि पाच आठवड्यांत त्यांच्या विखाराने तो मेला, अशी नोंद आयरिश बखरकारांनी केली आहे. पुढे स्कॉटलंडमध्ये राजा चौथा जेम्स याच्या काळात विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी यांचा शिव्यांचा काव्यसामना गाजला. त्यात डनबार केनेडीला एडिनबराच्या रस्त्यातून चालवतो आणि पोरे त्याच्यामागे हुर्यो करत धावतात. अपमानाला बघे लागतात आणि बघे शहरात मिळतात. म्हणून हा बार्ड शहरात शोभतो.

यावर पहिला आक्षेप असा, की चौथ्या आवृत्तीत पात्रांच्या प्रत्येक वर्गाला वारंवार वापरता येणारा हल्ला हवा होता, त्या गरजेतून ही शक्ती निघाली. आयरिश कायद्याचा इथे काय संबंध? गरजेची गोष्ट खरी आहे. पण गरज फक्त हल्ल्याची होती; बार्डच्या हाती धनुष्य देऊनही ती भागली असती. शब्दच निवडला गेला, कारण गाण्याने धीर देणाऱ्याच्याच तोंडी धीर खचवणारे शब्द शोभतात. केल्टिक कवीचीही स्तुती आणि निंदा ही दोन अंगे होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शत्रूला टोमणा ऐकू आला की पुरे होते, तो कळण्याची अट नव्हती. मग शब्दांना काय किंमत? इथे नियमाचा परिणाम पाहावा. त्या आवृत्तीत सुरुवातीच्या पातळीवर इजा चार बाजूंच्या एका फाशाइतकी, म्हणजे फार तर चार होती. खरा मार वेगळाच. टोमणा लागला तर शत्रूला त्याच्या पुढच्या हल्ल्यासाठी दोन फासे टाकून कमी आलेला आकडा घ्यावा लागतो. त्याचा हात डळमळतो आणि सोबती वाचतो. नियम शब्दाला मोकळे सोडतो, कारण तो कळायला टेबलाभोवतीची माणसे आहेतच.

म्हणूनच हे पात्र साकारणाऱ्याने पाठ केलेल्या शिव्यांच्या यादीवर भागवू नये. केअर्ब्रेने ब्रेसच्या कंजूषपणावर बोट ठेवले, स्टॅनलीला कवीची लूट भोवली. निंदेला बळ येते ते ती ज्याच्या त्याच्या वर्तनावर नेमकी बसते तेव्हा. समोरच्या सरदाराचा लोभ, सेनापतीची घमेंड आधी पाहावी आणि मग तोंड उघडावे. असा टोमणा मारणारा बार्ड खेळाचा विदूषक ठरत नाही. तो आपल्या कुळाला शोभेलसे काम करतो.