मृत्युलेखातले मतभेद

मेल्यावर माणसाचे वैर संपते, असे आपण सहज म्हणून जातो. शोकसभेत वक्ता उभा राहिला की त्याने गेलेल्याविषयी चांगले बोलावे, निदान वाईट बोलू नये, हा संकेत आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्यामुळे मृत्युलेख आणि श्रद्धांजलीची भाषणे इतिहासाची साधने म्हणून फारशी कोणी गंभीरपणे घेत नाही. स्तुतीच ती, तिच्यात पुरावा कसला शोधायचा? माझा अनुभव वेगळा आहे. गेलेल्या माणसाविषयी या मजकुरातून बेताचेच कळते. बोलणाऱ्याविषयी आणि ऐकणाऱ्या समाजाविषयी मात्र पुष्कळ कळते. आणि बोलणारा जर गेलेल्याचा विरोधक असेल, तर त्याचा शब्द न् शब्द तपासून घेण्याजोगा असतो.

या दृष्टीने लोकमान्य टिळकांइतका चांगला अभ्यासविषय नाही. आगरकर, रानडे आणि गोखले हे त्यांचे तिन्ही मोठे प्रतिपक्षी त्यांच्या हयातीत गेले. तिघांविषयी टिळक लिहिले किंवा बोलले, आणि तिन्ही वेळा मनापासून.

गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले. वय अवघे अडतीस. टिळक आणि ते एकाच वर्षी जन्मलेले. कॉलेजात दोघांनी मिळून देशकार्याचे बेत केले, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ उभे केले, १८८२मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ते असे फाटले, की १८८८मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि १८९०मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. याच पुण्याने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती.

आगरकर गेल्यावर टिळकांनी ‘केसरी’त जे लिहिले, त्याचा आशय असा होता : मृत्यूचे उग्र रूप समोर आले म्हणजे क्षुल्लक मतभेद विसरायला होतात आणि जुन्या आठवणींनी लेखणी अडखळते. या शब्दांमागचे दुःख खोटे नाही. तरुणपणीचा मित्र गमावलेल्या माणसाचेच ते उद्गार आहेत. पण इतिहासाच्या वाचकाने ‘क्षुल्लक’ या शब्दापाशी थांबायला हवे. मतभेद होता कशाबद्दल? चारच वर्षांपूर्वी, १८९१मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा त्याने दहावरून बारावर नेली. आगरकर कायद्याच्या बाजूने होते, तर परकीय सरकारने आपल्या धर्माचारात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला होता. दोन मित्रांच्या नात्यात हा वाद मृत्यूपुढे लहान ठरू शकतो. दहा वर्षांच्या सासुरवाशिणीच्या बाजूने पाहिले, तर तो कधीच लहान नव्हता. फक्त तिला शोकसभेत बोलायला कोणी उभे केले नाही.

न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. १८९५च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू द्यायची नाही, असा आग्रह टिळकपक्षाने धरला आणि रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. या घटनेला सहा वर्षेही झाली नव्हती. तरीही टिळकांनी लिहिलेला मृत्युलेख रानड्यांच्या थोरवीचे आजही सर्वांत नेमके वर्णन मानला जातो. थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात रानड्यांनी ऊब आणि हालचाल आणली, ही त्यातली प्रतिमा मराठी वाचकाला पाठच असते. ही प्रतिमा मला फार बोलकी वाटते. रानड्यांच्या कार्याचे कोणते रूप आपल्याला पूर्णपणे मान्य करता येईल, हे टिळकांनी तिच्यातून ठरवले : रानडे म्हणजे जागृती घडवणारा पुरुष. जागे झाल्यावर समाजाने कोणत्या दिशेला जावे, हा भांडणाचा भाग होता, आणि प्रतिमा तिथे पोचण्याआधीच थांबते.

गोखल्यांचा प्रसंग आणखी नाट्यपूर्ण. १९१४च्या अखेरीस गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना लिहिलेल्या खासगी पत्रावरून जुना वाद पुन्हा पेटला होता, आणि तो धुमसत असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. वय अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली पुण्यात आले आणि स्मशानात बोलले. ही वेळ टाळ्यांची नाही, आसवांची आहे, असे त्यांनी आरंभीच जमावाला सुनावले. म्हणजे चितेसमोरही आपल्या पुढाऱ्याला पाहून उत्साहात येणारा समाज तिथे उभा होता. मग गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले, कार्यकर्त्यांत श्रेष्ठ म्हटले, आणि तरुणांना सांगितले की याच्याकडे पाहा आणि याच्यासारखे व्हायचा प्रयत्न करा. कार्यकर्ता म्हणून गोखले अनुकरणीय ठरले. नेमस्त राजकारण अनुकरणीय ठरले नाही.

यात ढोंग होते असे मला म्हणायचे नाही. विरोधकाच्या निष्ठेला मान देणे ही मोठ्या मनाचीच खूण आहे, आणि तेवढेही आज दुर्मीळ झाले आहे. पण या तिन्ही प्रसंगांत एक रीत दिसते. माणसाचा त्याग, विद्वत्ता, कष्ट यांना वंदन करायचे आणि त्याने मांडलेला प्रश्न अलगद बाजूला ठेवायचा. आपल्या शोकसभा आजही याच रीतीने चालतात.

अशा वेळी प्रश्नाचे नाव घेणारे श्रद्धांजलीचे भाषण उठून दिसते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले. त्याच दिवशी पंडित नेहरू लोकसभेत बोलले. हिंदू समाजातल्या जुलमी गोष्टींविरुद्धच्या बंडाचे प्रतीक म्हणून बाबासाहेब स्मरणात राहतील, असे ते म्हणाले. पुढे हिंदू कायद्याच्या सुधारणेचा उल्लेख आला. ती बऱ्याच अंशी झालेली बाबासाहेबांना पाहता आली, याचा आनंद नेहरूंनी व्यक्त केला. मात्र बाबासाहेबांनी तयार केलेल्या प्रचंड संहितेच्या रूपात नव्हे, तर सुट्या तुकड्यांनी, हेही त्यांनी सांगितले. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे बाबासाहेबांनी १९५१मध्ये नेहरूंच्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. ‘सुट्या तुकड्यांनी’ या शब्दांत तो सारा इतिहास दडलेला आहे. वक्त्याने कबुली दिलेली नाही, पण प्रश्न झाकलेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दादरला आचार्य अत्रे बोलले. पण त्या दिवशीची खरी श्रद्धांजली कोणा एका वक्त्याची नव्हती. मुंबईतला दीक्षासमारंभ बाबासाहेबांच्या हयातीत व्हायचा राहून गेला होता. तेव्हा तिथेच, त्यांच्या पार्थिवासमोर, भदन्त आनंद कौसल्यायनांनी प्रचंड जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या माणसांनी बाबासाहेबांच्या गुणांची यादी केली नाही. त्यांनी त्यांचे म्हणणे उचलले आणि ते घेऊन घरी गेले.

म्हणून जुना मृत्युलेख हाती आला की मी त्याच नियतकालिकाचे आधीच्या सहा महिन्यांचे अंक काढून बसतो. जिवंत असताना या माणसाशी कशावरून भांडण चालले होते, ते आधी वाचतो आणि मग स्तुतीकडे वळतो. भांडणातला जो शब्द स्तुतीत सापडत नाही, तिथे बहुधा त्या काळाचा न सुटलेला प्रश्न असतो, आणि पुष्कळदा तो आपल्याही काळात सुटलेला नसतो.