कॉफी केली कुणी? घरातल्या कॉफीच्या भांड्यांचा इतिहास

आज आपण अगदी ओट्यावरच्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. घरी कॉफी करायची जी निरनिराळी भांडी आणि यंत्रं आहेत, त्यांच्याबद्दल.

आधी माझा स्वतःचा हिशेब सांगून टाकतो. माझ्या लहानपणी घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली. ती रोज व्हायची नाही. पाहुणे आले, कुणाला रात्री जागायचं असलं, की व्हायची. यंत्र म्हणाल तर पातेलं, गाळणी आणि सांडशी. पुढे नोकरीसाठी काही वर्षं बंगळूरला काढली, तिथून स्टीलचा फिल्टर घरात आला. मग कुणीतरी भेट म्हणून इटालियन मोका पॉट दिला. शेवटी मुलीनं विजेवरचं यंत्र आणलं, ज्यात पाणी थेंबथेंब गळत कॉफी तयार होते. आज ही सगळी मंडळी आमच्या एकाच फळीवर नांदतात.

परवा आवराआवर करताना बायको सहज म्हणाली, "कॉफी तू करतोस हे सगळ्यांना माहीत आहे. हे सगळं घासतं कोण?"

मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे प्रश्न मनात राहिला. म्हटलं, या भांड्यांचा इतिहास याच प्रश्नाच्या बाजूनं वाचून बघू. प्रत्येक नवं यंत्र "तुमचे कष्ट वाचवतो" म्हणत आलं. मग ते कष्ट गेले कुठे? माझं म्हणणं असं आहे, की ते बहुतेक वेळा संपले नाहीत, दुसरीकडे सरकले. कुठे आणि कुणाकडे, ते पाहू.

सुरुवात यंत्रांच्या आधीपासून करू. आज आपण पुडा फोडतो. अठराव्या शतकातल्या युरोपात मात्र लोक कच्च्या बिया आणून घरीच कढईत भाजत, दळत आणि उकळत. घरोघरी बिया भाजल्या जात याचा एक मजेदार पुरावा आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला परदेशी कॉफीवर जाणारा पैसा खुपत होता. १७८१ मध्ये त्यानं कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला, परवाना नसलेल्यांना भाजायला बंदी केली आणि युद्धात जायबंदी झालेले जुने सैनिक पाळतीवर नेमले. त्यांचं काम काय? गल्ल्यांतून फिरायचं आणि वास घ्यायचा. कुठे कॉफी भाजल्याचा वास आला की घरात शिरायचं. लोक त्यांना कॉफी हुंगणारे म्हणत. कॉफी घरी भाजली जात नसती तर असली नोकरी निघालीच नसती.

हे भाजणं घराबाहेर गेलं ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत जॉन आर्बकल या व्यापाऱ्यानं १८६० च्या दशकात भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. भाजलेल्या बियांचा वास उडू नये म्हणून तो त्यांवर अंडं आणि साखरेचा थर चढवायचा. इथे एक कष्ट खरोखर घरातून गेलं. पण त्याचबरोबर भाजण्याचं कसबही गेलं. ते परत यायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि परत आलं तेही हौशी लोकांचा छंद म्हणून.

आता अमेरिकेतच थांबू. १८८९ मध्ये इलिनॉयमधल्या हॅन्सन गुडरिच यानं पर्कोलेटरचं पेटंट घेतलं. याची रचना अशी, की भांड्याच्या तळाशी पाणी, मध्ये उभी नळी, वर जाळीच्या टोपलीत कॉफीची पूड. पाणी उकळलं की नळीतून वर चढतं, पुडीवर पडतं, गाळून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. घरभर वास सुटतो. पण त्यात एक दोष आहे. तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळत पुडीतून जाते, त्यामुळे जरा लक्ष चुकलं की कडवट होते.

आणि ती कडवट झाली की दोष कुणाचा? भांड्याचा नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अमेरिकन जाहिराती पाहिल्या तर नवरा कप ठेवून देतो, तोंड वाकडं करतो, बायको ओशाळते, मग शेजारीण योग्य पुडा सुचवते. १९५२ च्या एका छापील जाहिरातीत तर शिळी कॉफी आणली म्हणून नवरा बायकोला मांडीवर पालथी घालून मारताना दाखवलाय. विनोद म्हणून, बरं का. म्हणजे भांडं अर्धं काम आपणहून करत होतं, पण चवीची जबाबदारी संपूर्णपणे तिच्याच अंगावर होती.

जरा मागे आणि जर्मनीत जाऊ, कारण या सगळ्या गोष्टीत एक बाई स्वतः तक्रार करते आणि स्वतःच तिच्यावर उपाय काढते. ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ. कपाच्या तळाशी येणारा गाळ आणि कडवटपणा यांना त्या कंटाळल्या होत्या. कापडातून गाळावं, तर ते कापड दर वेळी धुवायचं, आणि त्याला जुन्या कॉफीचा वास राहतो तो राहतोच. त्यांनी पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला, वर पूड घातली आणि गरम पाणी ओतलं. खाली स्वच्छ कॉफी आली. १९०८ मध्ये त्यांनी ती कल्पना बर्लिनच्या कार्यालयात नोंदवून घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ७३ फेनिग भांडवलावर कंपनी काढली. फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग. नवरा आणि मुलं कामाला लागली.

या शोधाकडे मी जरा निराळ्या नजरेनं पाहतो. त्या कागदानं चव सुधारली हे खरंच, पण मुख्य म्हणजे धुणं वाचवलं. चोथ्यासकट कागद उचलायचा आणि टाकून द्यायचा. रोज भांडी घासणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं असं मला वाटतं. पण इथेही काहीतरी सरकलंच. कापड एकदा आणलं की पुरायचं. कागद संपतो, मग तो पुन्हा आणा. घरातलं काम कमी झालं आणि वाण्याच्या यादीत एक ओळ कायमची वाढली.

आता इटली. साल १९३३. पीडमाँट प्रांतातल्या क्रुसिनालो गावात अल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनियमचा छोटा कारखाना होता. तिथे अष्टकोनी मोका जन्माला आला. सांगतात, की त्याची कल्पना कपडे धुण्याच्या भांड्यावरून सुचली. त्या भांड्यात साबणाचं पाणी तळाशी उकळायचं, मधल्या नळीतून वर चढायचं आणि कपड्यांवर पडायचं. ही कथा खरी असो की रचलेली, यंत्र मात्र तसंच चालतं. खालच्या भागात पाणी, मध्ये गाळणीत पूड, वर रिकामं भांडं. गॅसवर ठेवलं की आतली हवा आणि वाफ यांचा दाब वाढतो आणि पाणी पुडीतून वर ढकललं जातं. हा दाब दीड-दोन बारच्या आसपास. कॅफेतल्या एस्प्रेसोच्या यंत्रात तो नऊ बारच्या आसपास असतो. म्हणून मोकाची कॉफी दाट असते, पण एस्प्रेसो नसते.

धातूची निवडही त्या काळाला धरून होती. मुसोलिनीच्या राजवटीत स्वदेशी मालाचा आग्रह होता, इटलीत बॉक्साइट मिळत होतं आणि ॲल्युमिनियम हा नव्या युगाचा धातू मानला जात होता. तरी युद्धापूर्वी सगळे मिळून सुमारे ७०,००० मोका विकले गेले. खरा प्रसार युद्धानंतर झाला, मुलगा रेनातो यांनी धंदा हाती घेतल्यावर. २०१६ मध्ये रेनातो वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोठ्या मोकाच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या.

सामाजिक अंगानं पाहिलं तर मोकानं एक मोठी गोष्ट केली. इटलीतला कॅफे ही बऱ्याच अंशी पुरुषांची बसायची जागा होती. कडक कॉफी तिथे मिळायची, एका मोठ्या यंत्रातून आणि पगारी माणसाच्या हातून. मोकानं ती चव घरी आणली. मग ते पगारी काम कुणी करायचं? बहुतेक घरांत बाईनं, आणि तेही बिनपगारी.

मोका वापरणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असेल. त्याला देखभाल लागते. रबरी वायसर कडक झाला की वाफ बाजूनं निसटते, अगदी आपल्या कुकरच्या रिंगसारखं. मी पहिल्याच महिन्यात खाली पाणी न भरता तो गॅसवर ठेवला आणि वायसर जाळला. घरभर जळक्या रबराचा वास. तेव्हा कॉफी हुंगणारे आले असते तर मला धरून नेलं असतं!

पुन्हा अमेरिकेत येऊ, १९७२ साली. क्लीव्हलँडचे दोन बांधकाम व्यावसायिक, व्हिन्सेंट मरोटा आणि सॅम्युअल ग्लेझर, यांनी दोन अभियंत्यांकडून घरगुती यंत्र करवून घेतलं आणि 'मिस्टर कॉफी' या नावानं बाजारात आणलं. विजेवर ठिबकणारं यंत्र त्याआधी जर्मनीत आलं होतं. १९५४ चं 'विगोमॅट'. पण अमेरिकेच्या घराघरांत ते पोचवलं मिस्टर कॉफीनं. पाणी ओता, कागदात पूड घाला, बटण दाबा. पाणी एकदाच पुडीतून जातं, त्यामुळे पर्कोलेटरचा कडवटपणा गेला. जाहिरातीसाठी त्यांनी बेसबॉलचा लाडका खेळाडू जो डिमॅजिओ याला आणला. मला हे फार बोलकं वाटतं. वीस वर्षांपूर्वी जाहिरातीतला पुरुष कॉफीला नावं ठेवत होता, आता तो यंत्राशेजारी उभा राहून सांगतोय की कॉफी छान होते. यंत्राचं नावही मिस्टर.

रूथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की घरगुती यंत्रांनी नोकरांचं, मुलांचं आणि पुरुषांचं काम जेवढं कमी केलं तेवढं गृहिणीचं केलं नाही, कारण यंत्राबरोबर अपेक्षाही वाढल्या. कॉफीला हे लावून बघा. पूर्वी दिवसातून एकदा भांडं भरलं की झालं. आता कधीही, ताजी, गरम आणि प्रत्येकाला हवी तशी.

या वाटेचं शेवटचं टोक म्हणजे कॅप्सूल. नेस्प्रेसो १९८६ मध्ये बाजारात आलं. दळणं नाही, मोजणं नाही, घासणं जवळपास नाही. घरातलं सगळं काम खरंच संपलं असं वाटतं. पण प्रत्येक कपामागे एक छोटी डबी उरते, ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची, आत ओला चोथा. तो वेगळा करायचं काम आता ओट्यावर होत नाही. ते होतं कचऱ्याच्या गाडीवर, कारखान्यात, नाहीतर कुठेच नाही. २०१६ मध्ये हॅम्बुर्ग शहरानं सरकारी पैशातून कॅप्सूलची कॉफी खरेदी करायची नाही असं ठरवलं, ते यासाठीच.

आता आपल्या जवळ येऊ. दक्षिणेतला फिल्टर या सगळ्यांत मला वेगळा वाटतो. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, पूड दाबायला दांड्याची चकती. गरम पाणी ओतायचं आणि थांबायचं. ना कागद, ना वायसर, ना वीज. काम करतं गुरुत्वाकर्षण आणि वेळ. पण यालाही माणूस लागतोच. रात्री झोपण्याआधी किंवा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून डिकॉक्शन लावणारं कुणीतरी असतं, म्हणून बाकीच्यांना उठल्या उठल्या कॉफी मिळते. माटुंग्याला ताजी पूड घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, चिकोरी किती टक्के? त्याचं उत्तर घरात कुणाला पाठ असतं, ते आठवून बघा. बहुधा तीच व्यक्ती पहाटे उठते.

भांडी वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. मेलिटाबाईंचा टिपकागद हा खरा दिलासा होता. पण "कष्ट वाचतात" असं कुणी म्हणालं, की इतिहासाच्या विद्यार्थ्यानं पुढचा प्रश्न विचारावा. कुणाचे वाचले आणि ते आता कुणाच्या वाट्याला गेले?

आमच्या घरापुरतं सांगतो. मोका आणि फिल्टर आता मी घासतो. आठ-दहा दिवस झाले असतील. आणि खरं सांगायचं तर या आठवड्यात विजेचं यंत्र एकदाही बाहेर निघालं नाही, कारण त्यातले क्षार काढायची पाळीही माझीच आहे.