‘दऱ्या’मधला अर्धा र

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. तिच्यातल्या ‘दऱ्या’ आणि कोकणापलीकडचा ‘दर्या’ हे दोन शब्द आपण वेगळे लिहितो. पहिल्यात र चे अर्धे रूप य च्या आधी लहानशा आडव्या रेघेसारखे बसते. दुसऱ्यात तोच र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्याला’ द्यायचे पैसे ‘आचार्याला’ पोचले तर घोटाळाच! हिंदीला या अर्ध्या र ची गरज भासत नाही. मराठीत मात्र त्यावाचून ‘शेतकऱ्याला’ही पत्र लिहिता येणार नाही.

टंकलेखन यंत्र फक्त आकार उमटवते. संगणक आकार नव्हे, तर प्रत्येक अक्षराचा ठरावीक क्रमांक साठवतो. र, त्याचा पाय मोडणारे हलन्ताचे चिन्ह आणि य असे तीन क्रमांक ओळीने आले, की पडद्यावर रफार दिसतो. मग आडवा र कसा मागायचा?

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांसाठीची सामाईक संकेतावली प्रसिद्ध केली. दक्षिणेकडच्या भाषांतला वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठी तीत ‘ऱ’ हे अक्षर होते. याच ऱ चा पाय मोडला, की मराठीचा अर्धा र मिळावा, असे ठरले.

जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पण तिच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अर्ध्या र साठी दुसरा मार्ग होता : साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे इस्कीची रीत स्वीकारली गेली. तथापि जुना मजकूर वाचता यावा म्हणून हा मार्गही चालू राहिला. परिणामी एकाच आकाराला दोन संकेत झाले. दशमान पद्धतीने लिहिल्यास एक २३५३, २३८१ आणि दुसरा २३५२, २३८१, ८२०५.

याने काय बिघडते? बीडमधून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीला जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. समजा, एका गावाची यादी दोन शिक्षकांनी दोन वेगळ्या कळफलकांवर तयार केली. तीत ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शोधले, तर साधा शोध एकाच रीतीने लिहिलेली नावे दाखवील. दुसरी नावे डोळ्यांसमोर असूनही यंत्राच्या लेखी ती नाहीतच. यादीवरून जेवणाची ताटे मोजायची असतील, तर ही चूक लहान राहत नाही.

उपाय सोपा आहे. शाळेने एकच रीत ठरवावी. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबली की ऱ येतो, ‘डी’ने त्याचा पाय मोडतो आणि तिरक्या रेघेच्या कळीने य येतो. फोनच्या कळफलकावर ऱ सापडला, की क्रम हाच. जुन्या याद्या पुन्हा टंकायला नकोत. ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एक संकेत काढून दुसरा घालता येतो.

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. विद्यार्थ्यांना ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन्ही शब्द दाखवावेत, त्यांतला फरक विचारावा आणि मग त्यांतला एक शब्द संगणकाला शोधायला सांगावा.