माथेरान कोणी शोधले?

पुस्तकांत एक वाक्य हमखास असते: १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. गुरुजींनी ते फळ्यावर लिहिताना जरा थांबावे. शोध लावायला ते हरवले होते कधी? माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नाव काही कलेक्टरसाहेबांनी ठेवलेले नाही. ठाकूर, कातकरी, धनगर यांना तो डोंगर पाठ होता. साहेबांना सापडली ती उन्हाळ्यात हवा खायची जागा!

मॅलेटसाहेबांनी वर बंगला बांधला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीही बांधला. मग शेटजी आले, बाजार आला. कड्यांना अलेक्झांडर, लुईझा अशी नावे पडली. पाण्यासाठी बांध घालून तलाव केला, तोही शार्लोट! हवा तेवढी आयती होती. बाकी गाव पाहुण्यांसाठी रचले गेले.

वर जायचे ते घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यावरून. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. डोली मागे पडली. गावात मोटारींना मात्र मज्जाव राहिला. त्यामुळे झाडी टिकली, तशी माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षाही टिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम दिला आणि ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय लावा, असेही सरकारला बजावले.