औषधाची किंमत आणि औषधाची खात्री

माझी आई रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते, हे मला गेल्या दिवाळीत कळले. महिना संपत आलेला आणि डब्यात निम्म्या गोळ्या शिल्लक. हिशेब विचारला तेव्हा म्हणाली, "अरे, बरं वाटतंय की आता. आणि एवढे पैसे..." पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवतो. आईच्या औषधाला माझ्याजवळ पैसे नाहीत असे मुळीच नाही. पण जिने सारा जन्म काटकसरीत काढला, तिला रोज सकाळी पाण्याबरोबर रुपये गिळणे जमत नाही. डॉक्टरांनी तिची चांगली कानउघाडणी केली. मग मी त्याच औषधाची, मूळ नावाने विकली जाणारी, पुष्कळच स्वस्त गोळी आणून दिली. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "इतकी स्वस्त? मग खरी कशावरून?"

श्रोतेहो, या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. महाग पडते म्हणून औषध घ्यायचे नाही, आणि स्वस्त मिळाले तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही अडचण माझ्या आईची एकटीची नाही. या देशात ती शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

आपल्याकडे जुनी माणसे क्विनाइनला 'कोयनेल' म्हणत. हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळत, आणि त्यावर हे एकच नेमके औषध होते. सिंकोनाच्या सालीपासून ते काढीत. इंग्रज सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मुंगपू येथे या झाडांची लागवड केली. १८९२ साली बंगालमध्ये एक नवी पद्धत सुरू झाली. सरकारी कोयनेलची छोटी पुडी पोस्टात एका पैशाला मिळू लागली. पुढे इतर प्रांतांतही हीच रीत आली. मला ही पुडी फार महत्त्वाची वाटते. तिची किंमत ठरलेली होती, आत काय आहे हेही ठरलेले होते, आणि विकणारा पोस्टमास्तर होता. त्याला भेसळ करण्यात काही मिळकत नव्हती. किंमत आणि खात्री या दोन गोष्टी एकाच कागदात गुंडाळलेल्या होत्या. इंग्रजांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. देशाच्या गरजेच्या मानाने ते कोयनेल फारच अपुरे होते, आणि जगाच्या बाजारातला मोठा साठा जावामधल्या डचांच्या मुठीत होता. पण कल्पना चांगली होती, एवढे कबूल केले पाहिजे.

पोस्टाबाहेरच्या बाजारात मात्र सगळा आनंद होता. कमी ताकदीचे कोयनेल, बनावट कोयनेल आणि परदेशांतून येणारा हलका माल यांविषयी ओरड वाढत गेली. तेव्हा १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात सांगितलेली गोष्ट तशी साधी होती: साऱ्या देशाला लागू पडेल असा एक कायदा करा, औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळा काढा, आणि औषध बनवणाऱ्याला व विकणाऱ्याला परवाना सक्तीचा करा. यावर काय घडले? १९३७ साली कलकत्त्याला एक प्रयोगशाळा निघाली. कायदा व्हायला १९४० उजाडले, त्याचे नियम १९४५ साली झाले, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला तो १९४७ मध्ये. म्हणजे रोग कळल्यापासून औषधाचा पहिला डोस पोटात जाईपर्यंत सोळा वर्षे! सरकारी कारभाराचे हे मोजमाप ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

स्वातंत्र्य आले तेव्हा कायदा होता, पण औषधे परक्यांची होती. पेनिसिलिन आयात होई. १९११ च्या पेटंट कायद्याप्रमाणे औषध या वस्तूवरच पेटंट मिळे, त्यामुळे दुसऱ्याने ते निराळ्या रीतीने केले तरी गुन्हा होई. परिणाम असा की, गरीब हिंदुस्थानात नव्या प्रतिजैविकांची किंमत श्रीमंत देशांपेक्षाही चढी. हे मी पदरचे सांगत नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सेनेटर केफॉवर यांच्या उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. तिच्या १९६१ च्या अहवालात, काही प्रतिजैविकांच्या भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, अशी नोंद आहे. परक्याच्या दप्तरात आपल्या लुटीची नोंद सापडावी, याची मौज वाटते आणि खेदही.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. एक बाजू पुणेकरांना डोळ्यांनी दिसली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला मदत केली, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या वेळी पिंपरी हे पुणे-मुंबई रस्त्यावरचे एक लहान गाव होते. माझ्या आजोबांच्या तोंडी त्या कारखान्याचे नाव 'पेनिसिलिन फॅक्टरी' एवढेच होते, आणि ते नाव ते असे उच्चारीत की जणू गावात धरणच बांधले आहे. पुढे हाच कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. दुसऱ्यांना बरे करणाऱ्याने स्वतः आजारी पडावे! असो. तो निराळ्या भाषणाचा विषय आहे.

दुसरी बाजू कायद्याची. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली पेटंटांवर एक सखोल अहवाल दिला. त्याच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ मध्ये अमलात आला. त्यातली मेख एवढीच: औषधाच्या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते तयार करण्याच्या रीतीवर. रीत बदला आणि तेच औषध करा. या एका कलमाने देशात रसायनशास्त्रज्ञांची एक सबंध पिढी कामाला लागली. त्याचे फळ २००१ साली जगाने पाहिले. एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरांच्या वर होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी ती औषधे साडेतीनशे डॉलरांत द्यायची तयारी दाखवली. आफ्रिकेतली किती माणसे त्यामुळे जगली, याचा विचार केला की कायद्याच्या रुक्ष कलमांकडे पाहण्याची आपली नजरच बदलते.

किमतींवर थेट लगाम घालण्याचा प्रयत्नही याच काळातला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली औषधांचे भाव गोठवण्यात आले. १९७० साली नफ्यावर मर्यादा घालणारा हुकूम निघाला. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने ११७ आवश्यक औषधांची यादी दिली आणि औषध कंपनीच्या ठेवणीतल्या नावाने न विकता मूळ नावाने विकावे, असे सुचवले. १९७९ च्या हुकुमात ३४७ मूळ द्रव्यांचे भाव बांधले गेले. नंतर मात्र दोरी सैल होत गेली. १९८७ मध्ये ही संख्या १४२ वर आली आणि १९९५ च्या हुकुमानंतर ७४ वर. २०१३ साली पुन्हा ३४८ औषधे यादीत आली. पण हिशेबाची रीत बदलली. पूर्वी औषध करायला खर्च किती येतो त्यावरून भाव ठरे. आता बाजारात चालणाऱ्या ब्रँडांच्या भावांची सरासरी काढून कमाल भाव ठरतो. म्हणजे ज्या महागाईबद्दल तक्रार, तीच महागाई सरासरीत धरायची! मला स्वतःला ही रीत पटत नाही. खर्च काढताना कंपन्या आकडे फुगवीत, हा सरकारचा युक्तिवाद खरा असेल. म्हणून तराजूच फेकून द्यावा, असे नाही.

२००५ पासून जागतिक व्यापार करारामुळे वस्तूवरचे पेटंट पुन्हा आले. त्यातही थोडी वाट ठेवलेली आहे. २०१२ साली कर्करोगावरच्या नेक्साव्हर या औषधाचा सक्तीचा परवाना एका देशी कंपनीला मिळाला, तेव्हा महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो, तेव्हा मुलांना वाटते सरांचे एखादे शून्य चुकले.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण आईने विचारले होते ते निराळेच: खरी कशावरून?

त्यासाठी मुंबईला जावे लागते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सर जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडू लागली. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल दिले होते. ते औषधी ग्लिसरॉल नव्हते. कारखान्यात वापरायचा माल औषध म्हणून आला होता आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होते. हे द्रव्य ग्लिसरॉलसारखेच दाट, तसेच गोडसर, आणि स्वस्त. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. तो कळतो मूत्रपिंडाला, आणि तोवर उशीर झालेला असतो. चौदा रुग्ण दगावले. बरे व्हायला आलेली माणसे, आणि तीही सरकारी रुग्णालयात, जिथे गरीब माणूस अखेरच्या भरवशाने येतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी या प्रकरणाची चौकशी केली. त्यांच्या अहवालाने औषधखरेदी, तपासणी, औषध प्रशासन, रुग्णालय आणि मंत्रालय यांपैकी कोणाचीच भीड ठेवली नाही. माझ्या मते या अहवालाचे मोल हे की, तो एका खलनायकाशी थांबत नाही. माल पुरवणाऱ्यापासून वॉर्डापर्यंत अनेक दारे होती; प्रत्येक दाराशी एक माणूस बसलेला होता, आणि आधीच्या माणसाने पाहिले असेल असे समजून प्रत्येकाने पुढच्याला वाट दिली.

या विषाची ओळख जगाला नवी होती म्हणावे, तर तसेही नाही. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेले सल्फाचे औषध पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली होती. त्यांच्या संसदेने दुसऱ्याच वर्षी कायदा केला: औषध बाजारात आणण्याआधी ते निर्धोक असल्याचे दाखवा. आपल्याकडे १९७२-७३ मध्ये मद्रासला मुले दगावली. मुंबईनंतर १९८८ साली, औषधे कोणत्या स्वच्छतेने आणि कोणत्या तपासणीने करावीत याचे नियम कायद्याला जोडले गेले. तरी १९९८ मध्ये गुडगावला ३३ मुले गेली. २०२२ मध्ये आपल्या देशात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या बालमृत्यूंच्या संदर्भात इशारा दिला. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने मेली. त्यांतली काही उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. द्रव्य तेच, मूत्रपिंडे तशीच बंद पडलेली. अठ्ठ्याऐंशी वर्षे!

असे का होते? तपासायला माणसे पुरत नाहीत, हे एक कारण. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ साली पाहिले तेव्हा ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांपैकी फक्त १७ ठिकाणी औषधे तपासण्याची सोय होती, आणि त्यांतलीही सातच ठिकाणची बऱ्यापैकी चालत होती. पन्नास कारखान्यांमागे एक आणि दोनशे दुकानांमागे एक निरीक्षक असावा, असे समितीने सुचवले. दुसरे कारण असे की, किंमत ही गोष्ट मतदाराला दिसते. ती पट्टीवर छापलेली असते. खात्री छापता येत नाही. म्हणून भावाचे हुकूम एकामागून एक निघाले, आणि प्रयोगशाळेची इमारत मात्र अंदाजपत्रकात पुढच्या वर्षावर गेली.

म्हणून स्वस्त औषध वाईट, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. स्वस्त औषध पिंपरीतही होत होते. आणि महाग ब्रँडच्या वेष्टनात भरलेले औषध पुष्कळदा त्याच एखाद्या कारखान्यात तयार होते, जिथे स्वस्त गोळी होते. उणीव आहे ती पोस्टमास्तरची, म्हणजे ज्याला भेसळीत मिळकत नाही अशा माणसाची.

हे सगळे मी आईला सांगितले; अर्थात इतके लांबण न लावता. तिने दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी शेजारी-शेजारी धरल्या. भिंगातून मी तिला मूळ नाव वाचून दाखवले. ते दोन्हींवर एकच होते. बॅच नंबर वाचला, मुदत वाचली.

"कारखाना कुठला?" तिने विचारले.

एकावर हिमाचलातले बद्दी लिहिले होते. दुसरीवरही बद्दीच.

"तिथे कोण बघतं?"

"सरकारी निरीक्षक असतो."

"रोज?"

मी काही बोललो नाही. पण आता ती गोळी रोज घेते, आणि स्वस्तातली घेते. फक्त नवी पट्टी उघडली की पुढचे दोन-तीन दिवस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन दाब मोजून येते, आणि तो आकडा दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर, तारखेसह, लिहून ठेवते.