विजयी मल्लांची सनद

ऑलिंपियाच्या विजेत्यास रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे, त्या स्थळी दुसरे पारितोषिक नसे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. ते खरेच आहे. परंतु पाने सुकतात. पुढे त्या विजेत्याचे काय होई, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ईजिप्तमध्ये सापडलेला एक पपायरस वाचावा.

तो इ. स. १९४ मधला आहे. हर्मोपोलिस गावचा हर्मिनस नावाचा मुष्टियोद्धा. टोपणनाव मोरोस, म्हणजे मूर्ख! (जन्मभर मस्तकावर ठोसे खाणाऱ्यास हे नाव का पडले असेल, याचा तर्क श्रोत्यांनीच करावा.) या गृहस्थाने नेपल्स येथे १०० दिनार भरले आणि हेराक्लीसच्या नावाने चालणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या मल्लसंघात आपले नाव नोंदविले. १०० दिनार म्हणजे त्या काळच्या रोमन शिपायाचा चार महिन्यांचा पगार. ठोसे खाऊन मिळविलेले एवढे द्रव्य त्याने का दिले?

उत्तर त्याच कागदात आहे. पावतीच्या आधी जुन्या बादशाही पत्रांच्या नकला उतरविल्या आहेत. इ. स. ४६ मध्ये क्लॉडियसने ब्रिटनवरील विजयानिमित्त संघाने धाडलेल्या सोन्याच्या मुकुटाबद्दल आभार मानले, तेही पत्र त्यांत आहे. वतनाच्या सनदा पेटीत जपणाऱ्या आपल्या जुन्या घराण्यांस यातले मर्म सांगावयास नको.

त्याहून आधी, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, मार्क अँटनीने आशिया प्रांतास लिहिलेल्या पत्रात मागण्या स्पष्टच आहेत. लष्करी चाकरीची माफी, गावच्या खर्चिक सार्वजनिक कामांतून सुटका, घरी शिपाई न उतरविणे, जांभळे वस्त्र नेसण्याचा मान. रदबदली करणारा अँटनीचा मित्र आणि व्यायामशिक्षक आर्टेमिडोरस होता. म्हणजे वशिलाही होताच.

अर्थात मल्लांना एकाने दिलेली सवलत दुसऱ्याच्या खिशातून जाई. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने ट्रेजनला विचारले : मल्लांचा तनखा मुकुट मिळाल्या दिवसापासून की ते विजयी होऊन गावात शिरतात त्या दिवसापासून? मल्लांचा आग्रह पहिल्या तारखेचा. ट्रेजनने दुसरी ठरविली. कीर्तीचा हिशेब तारखेवर आला!

संघाची पत मात्र वाढतच गेली. इफेससचा पँक्रेशनपटू (ठोसे आणि कुस्ती एकत्र असा तो खेळ) उल्पियस डोमेस्टिकस याने रोममध्ये जागेसाठी खटपट केली. हेड्रियनने १३४ मध्ये आश्वासन दिले, आणि अँटोनायनस पायसने १४३ मध्ये ट्रेजनच्या स्नानगृहांजवळची जागा दिली. तेथे दप्तर राहू लागले.

हर्मिनसाने पुढे आणखी ५० दिनार भरून सार्डिस येथे संघाचे पुरोहितपद घेतले. त्याचीही नोंद त्याच कागदाखाली आहे.